धारचा धूळकोट : पाण्याच्या काठाने एक छोटी फेरी

मागच्या दिवाळीनंतर रत्नागिरीकडचा माझा मावसभाऊ सहकुटुंब देवासला आला होता. किल्ल्यांचा नाद असलेला माणूस. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, पद्मदुर्ग, सगळे पालथे घातलेले. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही मातांचं दर्शन घेऊन खाली उतरलो, तेव्हा त्याने विचारलं, "दादा, पवारांच्या गादीचं गाव ना हे? मग किल्ला कुठाय?"

देवासला सांगण्यासारखा किल्ला नाही. टेकडी आहे, आणि एकाच गावात नांदलेली दोन संस्थानं आहेत. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांची थोरली पाती आणि धाकटी पाती. किल्ला बघायचा तर आपल्याच पवारांच्या धारला जायला हवं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ की. पण एक सांगून ठेवतो. किल्ला म्हटला की मला पाणी लागतं. पाण्याशिवाय किल्ला म्हणजे मिठाशिवाय आमटी."

माळव्याच्या पठारावर समुद्र कुठून आणायचा? पण धारला पाणी आहे, आणि पाण्याच्या काठाने जाणारा तटही आहे. फक्त तो दगडाचा नाही, मातीचा आहे. म्हणून बहुतेक जण त्याच्यावरूनच चालत जातात आणि तट कुठे आहे असं विचारतात. त्या दिवशी आम्ही जी फेरी केली तिचं टिपण मंडळाच्या बैठकीत वाचलं होतं. काही सभासदांनी ते लिहून द्या म्हटलं, म्हणून थोडी भर घालून इथे देत आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. धारचा दगडी किल्ला लांबून दिसतो, त्याला सनावळ्या आहेत, राजे-राण्या आहेत, म्हणून धारच्या तटबंदीचा इतिहास म्हटला की आपण त्याचाच सांगतो. पण धार नगरी ज्या कड्यात वसली ते कडं मातीचं आणि पाण्याचं होतं. ते आजही काही ठिकाणी उभं आहे, आणि दर वर्षी थोडं थोडं कमी होत आहे. ते कमी करण्यात आमच्या घराचाही हात लागलेला आहे. तेही पुढे येईलच.

लाटेपासून सुरुवात

देवासहून इंदूरमार्गे धार साधारण शंभर किलोमीटर. पहाटे निघालो, धारला पोहे-जिलबी खाल्ली आणि गावाच्या दक्षिण अंगाला असलेल्या लाट मशिदीपासून चालायला सुरुवात केली. ही मशीद दिलावरखान घोरीने १४०५ साली बांधली. तिच्या आवारात प्रसिद्ध लोहस्तंभाचे तीन तुकडे ओट्यावर ठेवलेले आहेत. तिन्ही मिळून लांबी तेरा मीटरच्या आसपास भरते. दिल्लीच्या कुतुबजवळचा लोहस्तंभ सव्वासात मीटरचा, म्हणजे धारचा जवळजवळ दुप्पट. तो परमारांच्या काळचा असावा असं मानतात. गावातले लोक याला तेलीणीची लाट म्हणतात. गंगू तेलीण नावाची कुणी राक्षसीण होती आणि ही तिच्या तराजूची दांडी, अशी गोष्ट आहे. 'कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली' ही म्हण इथे पोराटोरांच्या तोंडी असते.

सुरुवात इथून करण्याचं कारण लाट नव्हे. मातीचा तट गावाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला सगळ्यात चांगला टिकला आहे. ईशान्येकडे तो आणि खंदक दोन्ही वस्तीखाली गेले. तेव्हा दक्षिणेकडून पश्चिमेला वळत जायचं आणि शेवटी गावाबाहेर उत्तरेला उभ्या असलेल्या दगडी किल्ल्यावर चढायचं, असा बेत होता. जुन्यातून नव्याकडे जाण्याचा हा सरळ रस्ता आहे.

हा ढिगारा म्हणजेच तट

थोडं चालल्यावर भाऊ थांबला. "तट कधी लागणार?" त्याच्या उजव्या हाताला बाभळी आणि बेशरमची झुडपं माजलेला एक लांबलचक उंचवटा होता. त्यावर शेळ्या चरत होत्या. मी म्हटलं, "तू त्याच्याच सावलीत उभा आहेस."

मातीचा तट ओळखायची एक खूण आहे. नैसर्गिक टेकाड कधी एकसारखं वळत नाही. त्याला फाटे फुटतात, ते कुठे रुंदावतं, कुठे मोडतं. धारचा हा उंचवटा मात्र लांबवर नजर टाकली की एका ठरलेल्या वळणाने गावाला कवेत घेत जातो. वर चढून उभं राहिलं की आणखी एक गोष्ट कळते. एका अंगाला जुनं गाव आणि दुसऱ्या अंगाला खोलगट जमीन, कुठे कोरडी, कुठे दलदलीची, कुठे चक्क तलाव. ती खोलगट जमीन म्हणजे खंदक. खंदकातली माती काढून आतल्या बाजूला टाकत गेलं की तट आपोआप वर येतो. एकाच खोदाईत दोन कामं होतात. दगड फोडायला नको, वाहायला नको, चुन्याची भट्टी नको. माणसं हवीत, टोपल्या हव्यात आणि कामावर हुकमत ठेवणारा राजा हवा.

अभ्यासकांचं मत असं आहे की हा तट बहुधा नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. आखणी वर्तुळाकार. उत्तर भारतात अशी गोल तटबंदी दुसरीकडे नाही, असं म्हटलं जातं. हिची तुलना करतात ती थेट दख्खनेतल्या वरंगळशी. तिथेही काकतीयांच्या राजधानीभोवती मातीच्या आणि दगडाच्या भिंतींची कडी एकात एक आहेत. माळव्यातल्या नगराचा जुळा भाऊ तेलंगणात सापडावा, याचा उलगडा आजवर कुणी नीट केलेला नाही. आमच्यासारख्या हौशी मंडळींनी नुसतं कुतूहल बाळगावं एवढंच.

जुन्या मराठीत अशा तटाला शब्द आहे, धूळकोट. भुईकोट, डोंगरी किल्ला, जलदुर्ग यांच्या पंगतीत तो बसत नाही, कारण किल्ल्यांच्या यादीत त्याला कुणी जागाच देत नाही. पण धूळ म्हणून हसण्याचं कारण नाही. तोफेचा गोळा दगडी भिंतीवर बसला तर दगड तडकतो, सांधे सुटतात आणि भिंत ढासळते. तोच गोळा जाड मातीत रुतून बसतो. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जनरल लेकने भरतपूरवर चार वेळा हल्ले चढवले आणि चारही वेळा मार खाल्ला. तिथला तट मातीचाच होता, आणि लेक ज्यांचा पाठलाग करत तिथवर आला होता ते आपल्या माळव्याचे यशवंतराव होळकर.

अर्थात धारचा धूळकोट तोफांच्या आधीचा. त्याला तोंड द्यावं लागलं ते हत्ती, घोडदळ आणि आग यांना. आणि तो दर वेळी पुरा पडला असंही नाही. भोजाने राजधानी उज्जैनहून धारला आणली असं मानतात. त्याच्या हयातीतच कल्याणीच्या चालुक्यांनी धारेवर चाल करून ती जाळल्याचं चालुक्यांचे लेख सांगतात. बाराव्या शतकात गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने धार घेतली आणि राजा यशोवर्मा याला कैद केलं. १३०५ मध्ये अलाउद्दीन खलजीचा सरदार ऐन-उल-मुल्क मुलतानी आला आणि परमारांचं राज्य संपलं. तटाने राज्य वाचत नाही. पण तट गेला म्हणून गावही गेलं, असं धारच्या बाबतीत झालं नाही. त्याचं कारण तटाच्या बाहेरच्या अंगाला आहे.

साडेबारा तलाव

धारला साडेबारा तलाव होते असं इथले जुने लोक सांगतात. अर्धा कोणता यावर दर माणशी वेगळं मत. मुंज तलाव, देवीसागर ही नावं सगळ्यांना ठाऊक. मुंज म्हणजे वाक्पती मुंज, भोजाचा चुलता. देवीसागराच्या काठी कालिकेचं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

हे तलाव आणि खंदक यांची मिळून एक साखळी होती. पावसाळ्यात पठारावरून वाहत येणारं पाणी तटाच्या बाहेर अडायचं, एका खोलगट भागातून दुसऱ्यात उतरायचं. शत्रूला अडवणारं पाणी हेच गावाचं वर्षभराचं पाणी. विहिरींना पाझर त्याचाच. 'धारा' म्हणजे पाण्याची धार आणि तलवारीचीही धार. या नावाच्या नगरीची वेस या दोन्हींची मिळून व्हावी, हे मला फार जुळून आल्यासारखं वाटतं. नाव आधीचं की तलाव आधीचे, या वादात मी पडत नाही.

लढाईचं काम संपल्यावरही मातीचा बांध पाण्याचं काम करत राहिला. परमार गेले, सुलतान आले, मोगल आले, मराठे आले. प्रत्येकाने किल्ल्याकडे लक्ष दिलं. तलाव आणि बांध मात्र गावाने आपले म्हणून वापरले. एका तलावावर आम्ही गेलो तेव्हा होडीत बसून शिंगाडे काढणं चाललं होतं. भावाने त्या माणसाला विचारलं, पाणी किती खोल? तो म्हणाला, "पहले हाथी डूबता था, अब भैंस भी खड़ी रहती है।" गाळ कुठून आला ते त्याने सांगितलं नाही. आम्ही मात्र त्या गाळाच्या उगमावरूनच चालत आलो होतो. तटाला जिथे जिथे खोदून जागा केली आहे तिथली मोकळी माती पावसात वाहून तलावात उतरते. तट बसतो आणि तलाव भरतो, पण पाण्याने नाही.

आत्याच्या घराची माती

आता घरची गोष्ट. पश्चिमेच्या बाजूला एके ठिकाणी तट सरळ उभा कापलेला आहे. पुरणपोळी मोडल्यावर आतलं पुरण दिसावं तसे थर दिसतात. पिवळसर मुरूम, त्यावर काळी माती, मध्ये राखेची रेघ, खापरांचे तुकडे. भाऊ वाकून एक खापर उचलायला गेला. मी त्याला थांबवलं, आणि थांबवताना माझीच मला लाज वाटली.

माझी आत्या धारला दिली होती. तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि गोठा कच्च्या विटांचे होते. लहानपणी सुट्टीत आम्ही तिकडे जायचो तेव्हा आत्याचे यजमान अभिमानाने सांगायचे, "ही माती साधी नाही, कोटावरची आहे. हिला वाळवी लागत नाही." दर वर्षी दसऱ्याआधी भिंती लिंपायला त्याच मातीची गाडी यायची. आम्ही पोरं त्या ढिगात खेळायचो. एकदा मला त्यात काळ्या रंगाचा एक गुळगुळीत खापराचा तुकडा मिळाला. मी त्याची लगोरी केली. पुढे तो कुठे गेला ते माहीत नाही.

यात चोरी केली असं कुणालाच वाटत नव्हतं. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला पांढरी म्हणतात. गावोगाव धाब्यांवर टाकायला, गढ्या बांधायला, शेतात खत म्हणून टाकायला लोक पांढरीची माती नेत आले. गाव आपली माती आपल्याच घराला लावत होतं. काळ्या मातीच्या मुलखात ती नेण्याला कारणही आहे. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, भिंतीला कामाची नाही. शेकडो वर्षं ऊन-पाऊस खाऊन, मुरून बसलेली तटाची माती लिंपायला फार चांगली. तेव्हा आत्याच्या घराने जे केलं ते शेजारच्या दहा घरांनीही केलं. फरक एवढाच की बैलगाडीने माती नेण्याला एक मर्यादा होती. पुढे वीटभट्टीवाले आले, ट्रॅक्टर आले, खोदणारी यंत्रं आली. जे पिढ्यान् पिढ्या ओरखड्यासारखं चाललं होतं ते एका हंगामात होऊ लागलं.

दगडी इमारतीचा दगड कुणी काढला तर दिसतो आणि ओरड होते. मातीचा तट नेला तर माती नेली म्हणतात, तट नेला म्हणत नाहीत.

दगडाचा किल्ला

तिथून गावातून वळसा घालून आम्ही उत्तरेकडच्या किल्ल्याकडे गेलो. छोट्या टेकडीवर लाल दगडाची उंच भिंत. इथे भावाचा चेहरा खुलला. हा त्याच्या ओळखीचा प्रकार. १८५७ च्या इंग्रजी वर्णनात चौदा गोल आणि दोन चौकोनी बुरूज सांगितले आहेत. भावाने मोजायला सुरुवात केली. झुडपांमुळे त्याचा हिशेब दोनदा चुकला.

हा किल्ला मुहम्मद बिन तुघलकाने बांधला असं मानतात. दिल्ली ते दौलताबाद हा त्याच्या कारभाराचा कणा, आणि धार त्या वाटेवरचं मोठं ठाणं. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता इथून दौलताबादेकडे गेला. दिल्लीपासून धार चोवीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं आणि रस्त्याला अंतराचे खांब असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे देवगिरीच्या यादवांचं राज्य बुडाल्यावर दख्खनेवर दिल्लीचा जो अंमल बसला, त्याच्या दोरीतली ही एक गाठ. महाराष्ट्रातल्या वाचकांनी धारच्या किल्ल्याकडे या नजरेनेही पाहावं.

त्याच्याही आधी इथे काय होतं? तेराव्या शतकात राजा अर्जुनवर्म्याच्या दरबारातल्या मदन कवीने 'पारिजातमंजरी' नावाची नाटिका लिहिली. तिचा शिलालेख १९०३ मध्ये धारलाच उजेडात आला. तो उजेडात आणणारे काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानच्या शिक्षण खात्यातले आपले मराठी अभ्यासक. त्या नाटिकेत धारागिरी नावाच्या क्रीडापर्वताचा उल्लेख येतो. ही किल्ल्याची टेकडी म्हणजेच तो धारागिरी असावा, असा तर्क आहे. तसं असेल तर राजाच्या बागेवर पुढे बुरूज उभे राहिले असं म्हणायला हवं.

वर जाताना दरवाजे लागतात. त्यातल्या एकाचा काळ १६८४-८५ असा मिळतो. आलमगीर बादशहा तेव्हा दख्खनेत होता, रायगडावर संभाजी महाराज राज्य करत होते. मला वाटतं, दक्षिणेच्या लढाईसाठी उत्तरेतून चाललेली माणसं, पैसा आणि दारूगोळा ज्या वाटेने यायचा, त्या वाटेवरची ठाणी मजबूत करण्याचाच तो भाग असेल. मावळातल्या लढाईचा हिशेब माळव्यातल्या दरवाजावरही लागतो.

आत एक खोल, खडकात खोदलेलं जुनं टाकं आहे. आधी तिथे जावं, मग महाल बघावेत. कारण किल्ला म्हटलं की आधी पाणी, हे भावाचं म्हणणं इथेही खरं ठरतं.

खरबूजा महालातलं बाळ

महाराष्ट्रातून येणारे बहुतेक जण इथे खरबूजा महाल बघायला येतात. घुमटाच्या आकारावरून हे नाव. दुसरे बाजीराव पेशवे इथे जन्मले असं सांगतात. जन्म धारच्या किल्ल्यातला, जानेवारी १७७५ मधला, हे तर पक्कंच. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांविरुद्ध बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं, रघुनाथराव गुजरातेकडे निघाले आणि गरोदर आनंदीबाईंना त्यांनी धारच्या किल्ल्यात ठेवलं.

धारची गादी तेव्हा खंडेराव पवारांकडे होती. त्यांचे वडील यशवंतराव पानिपतावर पडले, तेव्हा खंडेराव अगदी लहान होते. रघुनाथरावांची बाजू घेतल्यामुळे पुण्याच्या फौजेने किल्ल्याला वेढा दिला. शेवट लढून झाला नाही. आनंदीबाई आणि बाळ हवाली केल्यावर वेढा उठला. मराठ्यांनी मराठ्यांच्या किल्ल्याला घातलेला वेढा, आणि आत ज्याच्यासाठी वेढा पडला ते काही दिवसांचं मूल. पुढे तेच मूल पेशवाईचा शेवट बघणार होतं. भाऊ त्या महालासमोर बराच वेळ काही बोलला नाही.

मला मात्र या किल्ल्यात दुसऱ्याच बाईंची आठवण होते. १८०७ मध्ये आनंदराव दुसरे वारले. मागे राहिल्या त्यांच्या विधवा मैनाबाई. बाहेरून शिंदे आणि होळकर दोघांच्याही फौजा मुलूख ओरबाडत होत्या, घरात भाऊबंदकी होती, तिजोरी रिकामी. पोटचा मुलगा गेला, तेव्हा त्यांनी दत्तक घेतला आणि गादी राखली. १० जानेवारी १८१९ रोजी इंग्रजांशी तह झाला तोवर धार शिल्लक राहिली ती या बाईंच्या हिमतीवर, हे त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही मान्य केलं आहे. किल्ल्यात मैनाबाईंच्या नावाची पाटी मला दिसली नाही. बाजीरावांच्या जन्माची खोली मात्र कुणीही बोट करून दाखवतं.

१८५७ : पाडलेली भिंत आणि रिकामा किल्ला

शेवटचा प्रसंग १८५७ चा. त्या वर्षी यशवंतराव दुसरे वारले आणि गादीवर अल्पवयीन आनंदराव तिसरे आले. दरबाराने नोकरीला ठेवलेल्या अरब, मकराणी आणि अफगाण शिबंदीने किल्ला ताब्यात घेतला. धारजवळच अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह उठले होते. ऑक्टोबरात महूहून ब्रिगेडियर स्टुअर्टची फौज निघाली, बरोबर इंदूर दरबारचा इंग्रज प्रतिनिधी ड्युरंड. २२ ऑक्टोबरला किल्ल्याबाहेर लढाई झाली आणि वेढा पडला. तोफांनी दगडी भिंत फोडायला आठवडाभर लागला. ३१ ऑक्टोबरच्या रात्री फौज खिंडारातून आत शिरली, तर आत कुणी नाही. शिबंदी अंधारात निसटून मंदसौरकडे निघून गेली होती.

म्हणजे १७७५ मध्ये किल्ला बोलणी करून सुटला आणि १८५७ मध्ये रिकामा मिळाला. एवढ्या मोठ्या भिंती, आणि या दोन वेढ्यांत तरी लढाईचा निकाल भिंतीवर लागला नाही. शिक्षा मात्र झाली. बख्तावरसिंहांना फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदूरला फाशी दिलं. धार संस्थान खालसा केलं, १८६० मध्ये आनंदरावांना परत दिलं, पण बैरसिया परगणा काढून भोपाळच्या बेगमांना दिला. पुढे १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं.

मग काय जपायचं?

किल्ल्याच्या तटावरून खाली बघितलं की सकाळी चाललेल्या फेरीचा आवाका लक्षात येतो. तलावाचं पाणी चमकतं. त्याच्याकडेने झाडीची एक रेघ वळत जाते, मग घरांत शिरून हरवते, आणि पलीकडे पुन्हा डोकं काढते. वरून बघताना भाऊ म्हणाला, "दादा, सिंधुदुर्गाला समुद्र आयता मिळाला. यांनी खोदून आणला." मी आजवर धारच्या तटाबद्दल जे काही वाचलं त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलं नव्हतं.

किल्ल्याची काळजी घेणारं कुणीतरी आहे. तिथे फाटक आहे, पाटी आहे, जुन्या मूर्तींचं छोटं संग्रहालय आहे. धूळकोटाला यातलं काहीच नाही. संरक्षित यादीत तो नाही. सरकारी कागदावर तो पडीक जमीन असेल, कुणाच्या सातबाऱ्याच्या किंवा खसऱ्याच्या कडेला असेल, किंवा नसेलही. मोठ्या मागण्या करायला आमच्या मंडळाकडे बळ नाही. पण दोन-तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, दर वर्षी दसऱ्यानंतर गवत वाळलं की ठरलेल्या जागांवरून तटाचे फोटो काढायचे. तीच जागा, तीच दिशा, फोटोत एक माणूस उभा, म्हणजे उंची कळेल. पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की कुठे किती गेलं हे कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. दुसरी, ज्यांच्या घरी 'कोटावरची माती' आली होती त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती कुठल्या टप्प्यातून आली हे लिहून घ्यायचं. दोष द्यायला नाही. तट कुठे होता हे कळायला. ईशान्येची बाजू वस्तीखाली गेली, तिचा नकाशा आता या आठवणींतूनच थोडाफार निघू शकतो. तिसरी, खापर उचलायचं नाही. थरातून निघालेलं खापर म्हणजे पुस्तकातून फाडलेलं पान, कुठल्या पानानंतर होतं ते मग कुणी सांगू शकत नाही.

पहिली नोंद माझीच लिहून घ्यावी. आत्या आता नाही. घर विकलं, मागच्या खोल्या पाडून नव्या मालकाने सिमेंटचं बांधकाम केलं. मी गेल्या महिन्यात जाऊन चौकशी केली. पाडलेल्या भिंतींची माती त्यांनी शेजारच्या खड्ड्यात भरायला दिली म्हणे. आत्याच्या यजमानांच्या बोलण्यात गाडी कुठून यायची त्या वळणाचा उल्लेख असायचा, तिथली दोन झाडं आणि एक विहीर मला आठवते. विहीर आहे, एक झाड आहे. दोन्हींच्या मधे तटाला जी खिंड पडली आहे ती मी पावलांनी मोजली. छत्तीस पावलं भरली. त्यातली किती आमच्या घराची ते मला सांगता येणार नाही, पण आकडा मंडळाच्या वहीत लिहिला आहे.

ज्यांना ही फेरी करायची असेल त्यांनी थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर निघावं. लाट मशिदीपासून तलावांच्या काठाने किल्ल्यापर्यंत, रमतगमत चाललं तर अर्धा दिवस पुरतो. बूट घट्ट घालावेत, बाभळीचे काटे आहेत. आणि बरोबरच्या कुणी तट कुठे आहे असं विचारलं, तर आधी त्याला वर चढवून मगच उत्तर द्यावं.